उघडायच्या आधी काय काय बघायचं: पुढच्या साथीसाठी यादी

पुढच्या वेळी कोरोनासारखी साथ आली आणि सगळं बंद करून परत उघडायची वेळ आली, तर कागदावर पहिल्यांदा उघडायची तारीख लिहू नका, परत बंद कधी करायचं तो आकडा लिहा. उलटं वाटेल, पण तो आकडा आधी ठरलेला नसला की काय होतं ते आपण बघितलंय. २०२० ला २४ मार्चला रात्री ८ वाजता घोषणा आणि १२ ला देश बंद. मग जूनमध्ये मिशन बिगिन अगेन, म्हणजे राज्याचं टप्प्याटप्प्याने उघडणं, आणि जुलैत पुण्यात परत कुलूप, १० तारखेला सांगितलं, १३ च्या मध्यरात्रीपासून १० दिवस, आणि मधल्या दिवसांत किराणा, भाजी, दारू, जिथे बघाल तिथे रांगा, म्हणजे जी गर्दी टाळायची तीच आपण बोलावून घेतली. त्यापेक्षा २०२१ च्या जूनमधला राज्याचा पाच स्तरांचा हिशोब बरा होता. पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर टेस्टमध्ये किती पॉझिटिव्ह, ती ५ टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असले की पहिला स्तर, सगळं जवळपास नॉर्मल, आकडे चढले की दुकानाची वेळ कमी. आवडो न आवडो, निदान शटर कधी खाली येणार त्याचा अंदाज दुकानदाराला यायचा. फक्त टक्का कुठल्या टेस्टचा ते विचारा, कारण अँटिजेन टेस्टचा पाऊस पाडला की टक्का आपोआप खाली येतो, म्हणूनच त्या जूनच्या अखेरीस राज्याने फक्त आरटी-पीसीआरचा टक्का धरायला सुरुवात केली.

मग टप्पे, आणि दोन टप्प्यांत किमान दोन-तीन आठवडे ठेवाच. आज लागण झालेल्या माणसाला लक्षणं साधारण पाचेक दिवसांनी येणार, ॲडमिट व्हायची वेळ आली तर ती अजून आठवड्याने, त्यामुळे सोमवारी उघडून शुक्रवारी बेड मोकळे आहेत म्हणून पुढचं उघडणं म्हणजे निकाल लागायच्या आधी पेढे वाटणं. सर्व्हेचे आकडेही नीट वाचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये पुण्याचा सिरो सर्व्हे, म्हणजे रक्त तपासून किती जणांना आधीच लागण होऊन गेली ते बघणारा, आला, ५१.५ टक्के लोकांच्यात अँटिबॉडी, लगेच अर्धं पुणं सुटलं असं बोलणं सुरू झालं, पण तो सर्व्हे जास्त पेशंट असलेल्या पाच प्रभागांतला होता आणि सप्टेंबरमध्ये शहरात पेशंटचा आकडा किती चढला ते सगळ्यांना माहितीये.

आता कारखाने, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण पुण्याजवळ भोसरीत आमचं मशीनचे पार्ट बनवणारं छोटं शॉप आहे. वरून ऑर्डर निघते की उद्योग सुरू, पण चाकणचा मोठा प्लांट आमच्या पार्टवाचून चालत नाही, आमचा पार्ट हीट ट्रीटमेंटवाल्याकडून (तापवून कडक करणाऱ्याकडून) आल्याशिवाय पुढे जात नाही, आणि त्याची गल्ली कंटेनमेंट झोनमध्ये. त्यामुळे परवानगी एकेका कंपनीला न देता अख्ख्या साखळीला द्या, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, टेम्पोवाला, सगळे एका यादीत. आणि मशीन बंद ठेवली की नुसतं बटण दाबून चालू होत नाही ओ. व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या) टाकीतलं कूलंट, म्हणजे कापताना थंड ठेवणारं पाणी, कुजतं, झाकण उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो, ते सगळं काढून टाकी धुवायची, लेथच्या चकवर गंज धरलेला असतो, कॉम्प्रेसरच्या टँकमधलं पाणी काढायचं, स्पिंडल आधी हळू फिरवून गरम करायचा, आणि पहिले पार्ट रिजेक्ट जाणार हे धरूनच चालायचं. छतावरच्या टाकीतलं जुनं पाणीही सोडून द्या. दोन ऑपरेटर आधी चार दिवस बोलावले तर हे शांतपणे होतं.

पण माणसं आहेत का? १ मे २०२० पासून श्रमिक ट्रेन सुटल्या आणि ऑपरेटर गावाला गेले, त्यांना परत आणायचं तर तिकीट, खोलीचं थकलेलं भाडं आणि कामाची खात्री हे तिन्ही आधी बोलून घ्या. त्याहून महत्त्वाचं, ताप आला तर पगार कापणार नाही हे लेखी द्या. गेटवर थर्मल गन धरून काही होत नाही, पॅरासिटामॉल घेऊन आलेला माणूस आरामात आत जातो, आणि तो का घेतो? हजेरी जाते म्हणून. सगळ्या यादीत एकच गोष्ट करायची म्हटली तर मी ही करेन. घरकाम करणाऱ्या मावशींनाही हेच लागू, सोसायटीच्या कमिटीने सरकारपेक्षा कडक नियम काढायचे आणि पगाराचं नाव काढायचं नाही, असं चालणार नाही.

बसचं बघा. २०२० ला पीएमपी, म्हणजे पुण्याची सिटी बस, ३ सप्टेंबरला सुरू झाली, तीही थोड्या गाड्यांवर, तोपर्यंत ज्याच्याकडे गाडी नाही त्याने हडपसरहून भोसरीला यायचं कसं? शाळा बंद असल्या तर लहान पोरं असलेल्या बायका कामावर येऊ शकत नाहीत, तेव्हा शाळा हॉटेलच्या आधी उघडायला हव्यात, आपल्याकडे डायन-इन ५ ऑक्टोबरला सुरू झालं आणि पोरं मोबाईलसमोरच बसलेली. सॅनिटायझर टनेलवर मात्र एक रुपया घालवू नका, खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, ऑफिसात कार्बन डायऑक्साइडचं मीटर ठेवा आणि आकडा हजार पीपीएमच्या वर गेला की बाहेर येऊन चहा प्या.

शेवटी पैसे. त्या एप्रिल ते जून तिमाहीत देशाचा जीडीपी २३.९ टक्के पडला, बांधकाम तर निम्म्यावर, शेती मात्र ३.४ टक्के वाढली. पण छोट्या धंद्याला खरा फटका उघडल्यावर बसतो, कारण माल रोख घ्यायचा, पगार द्यायचे आणि बिलाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येणार. हप्ते पुढे ढकलून मिळाले तरी व्याज चालूच असतं, हे मॅनेजर सांगत नाही, विचारावं लागतं. सरकारने तेव्हा ३ लाख कोटींची विनातारण कर्ज योजना काढली होती, तसं काही परत आलं तर फाईल आधीच तयार पाहिजे, स्टॉक स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न, बॅलन्स शीट, सगळं बंदच्या काळातच करून ठेवा, उघडल्यावर सीए फोन उचलत नाही.