रीडमी रिकामी असलेले पॅकेज वापरावे का?

जुन्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम आमच्या गटाकडे आले, तेव्हा त्यासाठी हाताशी एकच मुक्त-स्रोत पायथन पॅकेज होते. त्याची आवृत्ती शून्याने सुरू होत होती, वर 'प्रायोगिक' असा शेरा होता आणि रीडमी या ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये इन्स्टॉल करण्याच्या ओळीपलीकडे काहीही नव्हते. असा पेच नवोदितांपुढे नोकरीच्या सुरुवातीलाच उभा राहतो, म्हणून आम्ही तो कसा सोडवला ते लिहितो.

आधी परवाना पाहावा, कारण तिथेच अडले तर पुढचा खटाटोप वाचतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोड उघडा दिसतो म्हणजे तो वापरायला मोकळा आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात परवाना दिलेलाच नसेल तर हक्क लेखकाकडेच राहतात. आमच्या पॅकेजला एमआयटी परवाना होता, म्हणजे वापराची जवळजवळ पूर्ण मोकळीक आणि हमी मात्र कसलीच नाही.

शून्याच्या आवृत्तीला मी स्वतः फारसा घाबरत नाही. सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्त्यांना क्रमांक देण्याच्या पद्धतीच्या नियमांनुसार अशा आवृत्तीत केव्हाही काहीही बदलू शकते हे खरे. परंतु २००१ मध्ये सुरू झालेल्या सायपाय या वैज्ञानिक गणनेच्या पायथन पॅकेजची १.० आवृत्ती २०१७ साली आली आणि तोवर संशोधक ते निर्धास्तपणे वापरतच होते. आकड्यापेक्षा कमिटचा, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास अधिक बोलका असतो. मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, किती आहेत, नोंदवलेल्या दोषांना उत्तर मिळते का, हे त्यातून कळते. एकट्यावर उभा असलेला प्रकल्प किती नाजूक असतो, हे फाइलींचा आकार कमी करणाऱ्या एक्सझेड युटिल्सने दाखवून दिले: थकलेल्या मेंटेनरचा विश्वास हळूहळू संपादन केलेल्या सहकाऱ्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला, आणि दूरच्या संगणकावर एसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा शोध आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने घेतला म्हणूनच तो मार्च २०२४ मध्ये उघडकीस आला. ते पॅकेज तर प्रायोगिकही नव्हते.

माहितीपुस्तिका नसेल, तर चाचण्या वाचाव्यात. लेखकाने काय गृहीत धरले आहे ते तिथेच उघड होते. आमच्या पॅकेजच्या चाचण्यांतील सर्व शब्द हिंदी होते. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जातो, तर युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असतो. ही अदलाबदल कोडला बिनचूक जमत होती. मात्र 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतील अर्ध्या र-ची अक्षरे बदलण्याच्या सारणीत नोंदच नव्हती, कारण हिंदीला त्याची गरज पडत नाही. तिथे कोणी घाईने साधा रफार बसवला असता, तर 'आचाऱ्यास' या शब्दाचा 'आचार्यास' झाला असता आणि स्वयंपाक्याचे मानधन गुरुजींच्या नावे लागले असते! अशा चुका शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीलाही सापडत नाहीत, कारण दोन्ही शब्द बरोबर असतात.

इतके पाहिल्यावर एकच प्रश्न उरतो: लेखकाने उद्या हे काम सोडले, तर हा कोड आपण सांभाळू शकतो का? आमच्यापुढे होती एक सारणी आणि तिच्याभोवतीची सरळ फंक्शने; दुसऱ्या कोणत्याही पॅकेजवर ती अवलंबून नव्हती आणि एका बैठकीत वाचून होण्यासारखी होती. म्हणून आम्ही होकार दिला. हेच पॅकेज कूटलेखनाचे किंवा डेटाबेसच्या साठवणुकीचे असते, तर ते कितीही सोयीचे असले तरी मी नकारच दिला असता, कारण तिथली चूक वाचून लक्षात येत नाही आणि झालेले नुकसान भरून निघत नाही.

होकारालाही अटी होत्या. आवृत्ती आणि तिचा हॅश (फाइल बदललेली नाही हे पडताळणारा संकेतांक) पक्का केला, कोडची प्रत आमच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवली. मार्च २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींचे लेफ्ट-पॅड हे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतले, तेव्हा बॅबेल या जावास्क्रिप्टच्या साधनासह असंख्य प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याचे काम) कोसळले होते. उर्वरित प्रणाली या पॅकेजला आमच्या एकाच फंक्शनमधून हाक मारील, अशी मांडणी केली, जेणेकरून उद्या ते बदलायचे झाल्यास एकच फाइल उघडावी लागेल. मराठी शब्दांच्या चाचण्या आम्ही स्वतः लिहिल्या आणि राहिलेल्या नोंदी मूळ लेखकाला पाठवल्या. त्याने त्या स्वीकारल्या नाहीत तरी काम अडू नये, याची व्यवस्था तोवर झालेली होती.