अंगावर किडे फिरतात म्हणणारा पेशंट: फॅमिली डॉक्टरांनी काय करावं

पेशंट माचिसची डबी टेबलावर ठेवतो. "बघा, हेच अंगातून निघाले." डबी परत सरकवू नका, त्याच्यासमोरच भिंगाखाली पाहा. बहुतेकदा खपल्या, केस, सुताचे धागे निघतात. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याची काडीसुद्धा.

पण आधी खरा किडा शोधायचाच. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती दिसते, रात्री जास्त खाजते, घरात आणखी कुणालातरी असते. डोक्यात उवा, गादीच्या शिवणीत ढेकूण पाहा. कूलरमागे कबुतरांचं घरटं असेल तर त्यातले माइट्स (बारीक किडे) माणसालाही चावतात. जखमा फक्त हात पोचतो तिथेच आणि पाठीचा मधला भाग स्वच्छ असेल, तर त्या खाजवून झालेल्या आहेत.

किडा नसताना असं वाटण्यामागे शरीराचं कारणही असू शकतं, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर, बी-12, टीएसएच (थायरॉइड), किडनी, लिव्हर, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस) करा. शाकाहारी घरात बी-12 सोडूच नका. पार्किन्सनच्या गोळ्या चालू आहेत का, विचारा. दारू दोन-तीन दिवसांपूर्वी सुटली असेल, हात थरथरत असतील, तर लगेच भरती करा. म्हातारपणी स्मरणशक्तीही तपासा.

समजावल्यावर "नसतीलही" म्हणणारा नुसता घाबरलेला असतो. महिनाभर ठाम राहिला, पुराव्यानेही हलला नाही, तर तो भ्रम.

खरी कसोटी बोलण्यात आहे. "किडे नाहीतच" म्हटलं की तो डॉक्टर बदलतो. समाधानासाठी परमेथ्रिन (खरजेचं मलम) लिहून दिलं की त्याला वाटतं, डॉक्टरांनाही पटलं. म्हणा, "खाज खरी आहे, झोप उडाली तेही खरं. मला आज किडा दिसला नाही. हा त्रास कमी करणारी गोळी आहे." गोळी मानसिक आजारातही वापरतात हे लपवू नका, मोबाइलवर त्याला कळतंच, आणि मग गोळी बंद होते.

ही गोळी म्हणजे रिस्पेरिडोन (भ्रमावरचं औषध), रात्री 0.5 मिग्रॅने सुरू करून एक-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवा. बऱ्याच जणांना 1 ते 3 मिग्रॅ पुरतं. आधी वजन, शुगर, लिपिड. हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी. याच गटातलं पिमोझाइड देणार असाल तर ईसीजी हवाच. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या औषधांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, तिथे मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच द्या. पूर्ण फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून लगेच थांबवलं की किडे परततात. गोळी काही महिने चालू ठेवा.

नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानमधल्या एम्सला पाठवताना त्वचारोग आणि मानसोपचार, दोन्ही विभागांच्या नावे चिठ्ठी द्या. नुसतं "मनोरुग्णालयात जा" म्हटलं तर तो कुठेच जात नाही. अंगाला रॉकेल किंवा फवारणीचं औषध लावलं असेल, सुईने कातडी उकरत असेल किंवा जीव देण्याचं बोलत असेल, तर त्याच दिवशी पाठवा. घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या, आणि कीटकनाशकाच्या बाटल्या आजच घराबाहेर काढायला सांगा.