गाडीवर हॅम रेडिओचं स्टिकर लावायचंय? मग हे बघा

आपल्यातले, म्हणजे लायसन्स काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्या हॅम मंडळींतले, बरेच जण गाडीच्या मागच्या काचेवर नुसता कॉलसाइन (रेडिओवरचं आपलं ओळख-नाव) लावतात, व्हीयू टू अमुकतमुक, आणि झालं. हॅमला ते लगेच कळतं, पण त्याला सांगून काय उपयोग, त्याचं लायसन्स आधीच झालंय! सिग्नलला मागे थांबलेल्याला ती दुसरी नंबर प्लेटच वाटते. म्हणून कॉलसाइन हवा तर ठेवा, पण त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरात मराठीत एक ओळ पाहिजेच, "मोबाइल बंद पडला तरी आमचा रेडिओ चालू" असलं काहीतरी. ही फेकाफेकी नाही, 2004 च्या त्सुनामीत अंदमानात हेच झालं, हॅमची टीम पोर्ट ब्लेअरला आधीच पोचलेली होती आणि फोन गेल्यावर लोकांचे निरोप त्यांच्या रेडिओवरून गेले.

आणि हो, क्यूआरझेड डॉट कॉमवर (कॉलसाइन टाकला की माणसाची माहिती दाखवणारी साइट) घरचा पत्ता टाकला असेल तर कॉलसाइन लावायच्या आधी तो एकदा तपासा, गाडी रस्त्यावर उभी असते आणि वाचणारे सगळेच सज्जन नसतात.

स्टिकर नाक्यावरच्या रेडियमवाल्याकडे मस्त होतं. फक्त मराठी ओळ व्हॉट्सअॅपवर टाईप करून पाठवू नका, त्याच्या कोरल ड्रॉमध्ये युनिकोडची वाट लागते, वेलांटी एकीकडे अक्षर दुसरीकडे, आणि कटिंग झाल्यावर बोंबलून काही होत नाही. मजकूर कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे आकार करून, फॉन्ट लागत नाही) पीडीएफ द्या, तरी कटिंगच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचा, "रेडीओ" झालेलं असतं हमखास. अक्षरं दोन-अडीच इंच, रंग पांढरा, कारण काच लांबून काळीच दिसते. शेजारी आपला तो पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा हॅमचा लोगो, अँटेना-कॉइल-अर्थिंगवाला. क्यूआर कोड टाकणार असाल तर पांढऱ्या पट्टीवर काळा छापून घ्या, नुसता पांढरा कापून काचेवर लावला तर काळं-पांढरं उलटं होतं आणि बरेच फोन तो वाचत नाहीत. तसंही तो पार्किंगमध्येच कामाचा, चालत्या गाडीमागे कोण स्कॅन करणार.

जागा म्हणजे मागच्या काचेचा खालचा कोपरा, बाहेरून, वायपर फिरत नाही तिथे. आतून लावलं तर काढताना डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) बारीक तारा खरवडल्या जातात. नंबर प्लेटवर काहीही चिकटवायचं नाही, ते बेकायदा आहे. पोलिसांसारखा लाल-निळा रंग किंवा "इमर्जन्सी" असलं काही नकोच, फुकटची चौकशी मागे लागते.

काच पुसून साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा, स्टिकर ठेवा, जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेला पाणी काढत या, वाळलं की वरचा टेप अगदी तिरका ओढत काढा. घाई केली की काना-मात्रा टेपबरोबर उठून येतात.

आता कोणीतरी विचारणारच, "हे वॉकीटॉकी का?" तेव्हा लेक्चर झोडू नका राव. रिपीटरवर (आपला आवाज लांबवर पोचवणारं उंचावरचं केंद्र) कोणी असेल तर दोन मिनिटं ऐकवा, बारा वर्षांवरच्या कोणालाही लायसन्सची परीक्षा देता येते, त्यातल्या खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची भाषा) लागत नाही आणि अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर, एवढं सांगितलं तरी पुरे. माईक मात्र हातात द्यायचा नाही.

गाडी विकताना आठवणीने काढा, हेअर ड्रायरने गरम केलं की निघतं, नाहीतर तुमचा कॉलसाइन घेऊन भलताच माणूस गावभर फिरेल.