टँगो शिकताय? मिलोंगाला (टँगो नाचायच्या मैफिलीला) जाण्याआधी या चुका टाळा

टँगो शिकायला लागलं की पहिल्या महिन्यातच ओचो (पावलांनी आठचा आकडा काढणं) आणि गांचो (जोडीदाराच्या पायात पाय अडकवणं) हवे असतात. मलाही हवे होते, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तीच. टँगो म्हणजे आधी चालणं. समोरच्या माणसाला मिठीत घेऊन, तिचं वजन कोणत्या पायावर आहे हे ओळखून चालणं.

जोडीदार सारखी अडखळते असं वाटतंय? बहुतेक वेळा तिचं पाऊल पुरतं टेकण्याआधीच तुम्ही पुढचं सुचवलेलं असतं. थांबा. जागच्या जागी वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. तीही सोबत आली की मगच पाऊल उचला. हाताने ढकलू नका. खूण छातीतून जाऊ द्या. फॉलो करणाऱ्यांची चूक उलटी असते: अंदाज बांधून आधीच मागे जाणं.

ब्युनोस आयर्सच्या जुन्या वळणाच्या मिलोंगात मी एकदा सरळ एका टेबलापाशी जाऊन हात पुढे केला. त्या बाईंनी नजर खाली वळवली. तिथे आमंत्रण डोळ्यांनी देतात. नजर भिडली, मान किंचित हलली, की होकार. त्याला काबेसेओ म्हणतात. नको असेल तर नजर दुसरीकडे वळते. कुणाला तोंडावर नकार द्यावा लागत नाही, कुणाचा मान दुखावत नाही. मला ही रीत फार आवडते.

तीन-चार गाण्यांची एक तांदा असते. मध्येच 'ग्रासियास' म्हणू नका. आभार म्हणून म्हणाल, पण 'आता पुरे' असा अर्थ होतो. रोंदा, म्हणजे नाचणाऱ्या जोड्यांची रांग, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. गर्दीत मागे पाऊल टाकू नका आणि पाय उडवू नका, टाच लागते.

प्रत्येक वाद्यवृंदावर तेच नाचणं ही चूक मात्र वर्षानुवर्षं जात नाही. वाद्यवृंदप्रमुख हुआन दारिएन्सोचा ठेका टोकदार, पाऊल छोटं आणि नेमकं मागणारा. कार्लोस दी सार्लीवर तेच पाऊल लांब, सावकाश टाकावंसं वाटतं. ओस्वाल्दो पुग्लिएसे मध्येच श्वास रोखतो, तेव्हा तुम्हीही थांबायला हवं. नवशिक्याने त्याची तांदा बसून ऐकावी. रोज एकच वाद्यवृंद लावून घरभर नुसतं चाला.

आणि बूट लवकर काढू नका. शेवटी 'ला कुम्पार्सिता' हा टँगो वाजतो. तो कुणासोबत नाचायचा, हे आधीच मनात ठरवून ठेवा.