मुलीनं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर आधी काय करायचं

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवतेय. एकदा सातवीतली मुलगी (इयत्ता बदलली आहे, ओळख पटेल असं काही छापू नये) वह्या मोजायच्या निमित्तानं मागं थांबली. म्हणाली, "बाई, कुणाला सांगणार नाही ना?" मी पटकन म्हटलं, "नाही गं."

तिथंच चुकलं. हे वचन पाळता येत नाही. आता मी म्हणते, "तुला मदत करतील त्यांनाच सांगेन, आणि कुणाला ते आधी तुला सांगेन."

पुढं तिनं तिच्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल सांगितलं, तेव्हा मी खोदून विचारत बसले. कधी? किती वेळा? ओरडली का नाहीस? पोरगी मिटली. असं करू नका. "बरं झालं सांगितलंस, तुझी काही चूक नाही," एवढं पुरे. मग ती गेल्यावर तिचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा. शुद्ध मराठीत सुधारू नका. आम्हा मास्तरांना ती खोड असते.

ज्याचं नाव घेतलं त्याला बोलावून शहानिशा करायची नाही. "घरच्यांना बोलावून मिटवू," असं वरिष्ठ म्हणतात; मलाही म्हणाले. पण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यातलं कलम १९ सांगतं की, कळलं किंवा नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवायचंच. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. हे मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा फोन फिरला. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, रात्रीसुद्धा.

जबाबासाठी मुलाला ठाण्यात न्यावंच लागतं असं नाही. तो घरी किंवा मूल म्हणेल तिथं घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी येतात, गणवेशात नाही. सोबत आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस असतं. त्रास देणारा घरातलाच असेल तर हे माणूस कोण, ते मुलालाच विचारा. गुन्हा नोंदवायच्या आधीही वैद्यकीय तपासणी होते, मुलीची महिला डॉक्टरच करतात. उपचार खासगी दवाखान्यातही मोफत. अंगावरचे कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. मुलग्यावर अत्याचार झाला तरी हाच कायदा लागू आहे, हे पालकांना पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

ती शाळेत परतली तेव्हा दया म्हणून मी तिला आठवडाभर कामच सांगितलं नाही. शेवटी तीच आली. "बाई, वह्या आता दुसरं कुणी मोजतं का?"