टास्मानियात क्वॉल बघायचा असेल तर

होबार्टला आमच्याकडे पुण्याहून कोणी आलं की टास्मानियन डेव्हिल हा प्राणी बघायचाच असतो. मी मात्र क्वॉलसाठी हट्ट धरते. मांजरापेक्षा लहान, अंगभर पांढरे ठिपके, गुलाबी नाक. पिशवीवाला आणि पक्का मांसाहारी, डेव्हिलचाच भाऊबंद. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर या जातीची, म्हणजे ईस्टर्न क्वॉलची, शेवटची खात्रीची नोंद 1963 ची, सिडनीच्या व्होक्लूज भागातली. टास्मानियात कोल्ह्यांनी बस्तान बसवलं नाही, म्हणून इथे तो टिकला.

ब्रूनी बेटावर जा. केटरिंगची फेरीबोट रात्रभर चालत नाही, त्यामुळे मुक्काम बेटावरच करा. नाहीतर माउंट फील्डचं राष्ट्रीय उद्यान आहेच. दाट जंगलात घुसू नका. कुरण आणि झाडी जिथे मिळतात तिथे अंधार पडल्यावर गप्प उभं राहा, कारण गवताखालच्या अळ्या उकरायला तो तिथेच येतो. टॉर्चवर लाल कागद लावा आणि झोत डोळ्यांवर रोखून धरू नका.

दिसला की आधी शेपूट बघा. ठिपके शेपटीवरही असतील तर तो स्पॉटेड-टेल क्वॉल, अंगाने बराच थोराड. शेपूट कोरी असेल तर ईस्टर्न. रंगावर जाऊ नका: ईस्टर्न बदामी असतो तसा काळाही असतो, आणि एकाच आईची पिल्लं दोन्ही रंगांची निघतात. मादीला सड सहाच, पिल्लं मात्र तीसपर्यंत जन्मतात. ज्यांना सड मिळाला तीच जगतात. हे वाचलं तेव्हा माझा जीव कळवळला होता.

त्याला काहीही खायला घालू नका, चिकनचा तुकडासुद्धा नाही.

आता गाडीचं, आणि हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. रस्त्यावर मेलेली वॉलबी (छोट्या कांगारूसारखा प्राणी) खायला क्वॉल येतो आणि मागून येणाऱ्या गाडीखाली सापडतो. संध्याकाळ ते पहाट या वेळेसाठी ताशी 65 किलोमीटरच्या पाट्या आहेत, त्या पाळा. सुरक्षित जागा असेल तर थांबा आणि मेलेला प्राणी रस्त्यापासून लांब ओढून ठेवा. मादी असेल तर पिशवी तपासा. पिल्लू सडाला चिकटलेलं असेल तर ओढू नका, बोनोराँग या वन्यजीव अभयारण्याच्या बचावपथकाला फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो. घरून निघण्याआधीच नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा.