सेंट्रल हीटिंगचे पाइप आणि पंप निवडताना या चुका टाळा

सेंट्रल हीटिंगमध्ये बॉयलरमधलं गरम पाणी पंप पाइपांतून खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो. "टोकाच्या खोलीतला रेडिएटर तापत नाही, मोठा पंप कुठला घेऊ?" हा प्रश्न आला की मी आधी एकच विचारतो: त्या रेडिएटरपर्यंत किती पाणी जायला हवं, हे काढलंय का? बहुतेकांनी काढलेलं नसतं. पंप बदलणं सोपं, दोन नट सोडले की झालं. फरशीखालचा पाइप बघायला मात्र कुणी तयार नसतं.

हिशेब एका ओळीचा आहे. खोल्यांना लागणारी उष्णता किलोवॅटमध्ये घ्या, तिला 860 ने गुणा आणि जाणाऱ्या व परत येणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकाने भागा. ताशी किती लिटर पाणी फिरायला हवं ते मिळतं. 10 किलोवॅट आणि 20 अंश फरक असेल तर ताशी 430 लिटर. फरक 10 अंशांवर आणलात तर 860. आधी पाणी, मग पाइप आणि सगळ्यात शेवटी पंप, हा क्रम मी कधीच मोडत नाही.

अडचण पाइपात, खर्च पंपावर

एका दुमजली घरात वरच्या मजल्यावरचा शेवटचा रेडिएटर कायम कोमट. मालकांनी 4 मीटर हेडचा (हेड म्हणजे पंपाचा दाब, पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला; एक मीटर म्हणजे सुमारे 10 किलोपास्कल) पंप काढून 6 चा बसवला, मग 8 चा. रेडिएटर कोमटच राहिला, उलट खालच्या मजल्यावरचे व्हॉल्व्ह रात्रभर शिट्टी मारायला लागले. बॉयलरशेजारी भिंतीवर 22 मिमीचा तांब्याचा पाइप छान दिसत होता, त्यामुळे पाइपवर कुणाचा संशयच गेला नव्हता. वरच्या मजल्याच्या लाकडी फळ्या उचलल्या तेव्हा कळलं, भिंतीतून वर येताच तो 15 मिमीच्या प्लास्टिक पाइपवर उतरवला होता. तुळया चुकवण्यासाठी एल्बोमागून एल्बो (काटकोनी जोड), आणि त्या एका पाइपवर पाच रेडिएटर.

आता आकडे बघा. त्या पाच रेडिएटरना मिळून साडेसात किलोवॅट हवे होते, म्हणजे 20 अंश फरकाने ताशी सुमारे 320 लिटर. 15 मिमीच्या प्लास्टिक पाइपचा आतला व्यास जेमतेम 12 मिमी भरतो. त्यातून एवढं पाणी न्यायचं तर मीटरमागे सात-साडेसातशे पास्कल दाब खर्च होतो, आणि जाऊन-येऊन लांबी 30 मीटर होती. एल्बो धरायच्या आधीच सव्वादोन मीटर हेड तिथे संपलं. शिवाय पंपाचं हेड दुप्पट केलं म्हणून पाणी दुप्पट होत नाही, जेमतेम 1.4 पट होतं, कारण घर्षण प्रवाहाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तेवढंही पाणी टोकाला पोचलं नाही, कारण खालच्या मजल्यावरचे सगळे व्हॉल्व्ह सताड उघडे होते आणि पाणी जवळच्या सोप्या वाटेने परत येत होतं.

सामाईक भाग 22 मिमीचा केला, खालच्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह थोडे आवळले आणि माळ्यावर पडलेला जुना 4 मीटरचा पंप परत बसवला. टोकाचा रेडिएटर त्याच दिवशी तापला. दोन नव्या पंपांचे पैसे मात्र गेले, आणि याची मला अजून चीड येते.

माझी स्वतःची मर्यादा मीटरमागे 100 ते 150 पास्कल, फार तर 200, आणि पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत. ताशी 430 लिटरला 22 मिमीच्या तांब्याच्या पाइपात मीटरमागे 90 पास्कलच्या आसपास लागतात, 15 मिमीच्या पाइपात त्याच्या सहापटींहून जास्त. "एकच साइज कमी, काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

घराची उंची पंपाच्या माथी मारणे

टाकीत पाणी चढवायच्या पंपाची सवय असलेले लोक ही चूक हमखास करतात. घर तीन मजली, उंची 9 मीटर, म्हणून 10 मीटर हेडचा पंप. पण हीटिंगचं सर्किट बंद असतं. जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली उतरतं आणि त्याच्या वजनाने चढणाऱ्याला उचलतं. पंपाला फक्त घर्षण भागवायचं असतं.

त्यासाठी सगळ्यात अवघड, बहुधा सगळ्यात लांब, अशी एकच वाट निवडा. जाऊन-येऊन 40 मीटर, मीटरमागे 120 पास्कल, म्हणजे 4.8 किलोपास्कल. एल्बो आणि टीसाठी (फाटा काढायचा जोड) त्यात निम्मे मिळवा, झाले सात. रेडिएटर व्हॉल्व्हचे 10 धरा, बॉयलरचा आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो, समजा 8. बेरीज 25 किलोपास्कल, म्हणजे अडीच मीटर. बाकीच्या फाट्यांचं घर्षण यात मिळवायचं नाही, ते समांतर आहेत. प्रवाह मात्र सगळ्यांचा मिळून धरायचा.

उंचीचा संबंध भरणीच्या दाबाशी, म्हणजे सर्किट पाण्याने भरताना ठेवायच्या दाबाशी. सगळ्यात वरचा रेडिएटर दाबमापकाच्या 5 मीटर वर असेल तर अर्धा बार त्याचा, वर थोडी राखीव, म्हणून थंड असताना साधारण एक बार.

बाकीच्या चुका थोडक्यात. बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारं यंत्र) लावताना जुने पाइप न मोजणे: तिथे फरक 5 अंशांचा असला तर 10 किलोवॅटला ताशी 1720 लिटर लागतात. प्लास्टिक पाइपचा बाहेरचा व्यास बघून तांब्याचा तक्ता वापरणे. एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेलं पाणी सामावणारी) पंपाच्या पुढे जोडणे, मग वरच्या भागात दाब पडतो आणि हवा आत ओढली जाते. ही टाकी पंपाच्या मागे, ओढीच्या बाजूला हवी. पंपाचा शाफ्ट उभा ठेवणे: ओल्या रोटरच्या (रोटर पाण्यातच फिरणाऱ्या) पंपाला तो आडवाच लागतो, नाहीतर बेअरिंग लवकर जातात.

आणि बॅलन्सिंग न करणे, म्हणजे प्रत्येक रेडिएटरला त्याच्या वाट्याचं पाणी मिळेल असे व्हॉल्व्ह न लावणे. नवशिके सगळे व्हॉल्व्ह एकदम फिरवतात आणि पाचव्या मिनिटाला निकाल मागतात. मी थर्मोस्टॅटिक डोकी (खोलीच्या तापमानाप्रमाणे व्हॉल्व्ह आपोआप उघड-बंद करणारी) काढून ठेवतो, टोकाच्या रेडिएटरचा परतीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, बॉयलरजवळच्या रेडिएटरचा पूर्ण बंद करून पाऊण फेरा सोडतो, आणि प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही पाइपांना क्लिपचे थर्मामीटर लावतो. एक व्हॉल्व्ह हलवल्यावर किमान वीस मिनिटं दुसऱ्याला हात लावत नाही. सगळीकडे जवळपास सारखा फरक दिसला की डोकी परत बसवायची आणि पंप ज्या सर्वात कमी सेटिंगवर टोकाचा रेडिएटर तापतो तिथे ठेवायचा.